झडपांखालचा उजेड

सॅक्सोफोन कुठे गळतो हे कानाला कळत नाही.
त्यासाठी आत दिवा सोडावा लागतो,
वायरीवरचा, बारीक, विहिरीत सोडतात तसा,
दुकानातले सगळे दिवे मालवून.
मग ज्या झडपेच्या कडेने उजेड पाझरतो
तिथून माणसाचा श्वास वाया जात असतो.

हे मला बापाने शिकवलं, टोलेडोत,
काचेच्या कारखान्यांच्या गावात,
जिथे आम्ही हंगेरियनमध्ये भांडायचो
आणि इंग्रजीत हिशेब करायचो.

लेम्युएल हॅचर पहिल्यांदा आला तेव्हा चौदा वर्षांचा.
बराच वेळ बाहेरच उभा.
काळ्या पोराने आत यावं की नाही
हे पाटीवरून कळत नव्हतं.
बापाने दार उघडलं, म्हणाला,
थंडी आत येतेच आहे, तूही ये.

टेनर होता. कुणा बँडमास्तराने टाकलेला,
आईने हॉस्पिटलच्या चादरी धुऊन घेतलेला,
आठवड्याला दीड डॉलर हप्त्याने.
खालचा सी बोलतच नव्हता.
बापाने दोन पॅड बदलले, पैसे एकाचे घेतले
आणि म्हणाला, वाजव.
पोराने जे वाजवलं ते चांगलं की वाईट
मला अजून सांगता येत नाही.
बापाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला होता, एवढं आठवतं.
तो कधी ठेवत नसे.

पुढचं सगळं मी पितळेवर वाचलं.
छप्पन्न साली तोंडाची कड चेपलेली.
जॉर्जियात बसच्या टपावरून पडला म्हणे.
झोपायचात कुठे, विचारलं.
बसमध्येच, म्हणाला, आणि खिडकीकडे बघू लागला.
मग अंगठ्याखालची लाख उडाली,
मग चाव्यांवरचे शिंपले झिजून
मध्यभागी बोटांएवढे खड्डे पडले.
शिकागोत एक रेकॉर्ड निघाली. एकच.
कव्हरवर हॅचरचं हॅरिस झालेलं.
माझी प्रत त्याने पेनाने दुरुस्त करून दिली,
खोडाखोड न करता, शाळकरी अक्षरात.

त्यानंतर आठ वर्षं काही नाही.
लोक काय काय सांगायचे. मी विचारलं नाही.
परत आला तेव्हा गहाणवाल्याची चिठ्ठी
अजून दोऱ्याने लटकत होती,
पॅड शिळ्या पावासारखे कडक,
आणि कॉलरमधून मान बाहेर आल्यासारखी.
सध्या काय करतोस?
बस चालवतो, म्हणाला. पाच नंबरची.
आयुष्यात पहिल्यांदाच
लोक माझ्यासाठी वेळेवर येऊन उभे राहतात.

बाप गेला त्या दिवशी
पाद्री चर्चमध्ये सॅक्सोफोन नको म्हणाला.
लेम्युएलने कोपऱ्यावर बस थांबवली,
गणवेशातच उतरला, फुटपाथवर वाजवलं.
किती वेळ? एक सिग्नल लाल होऊन हिरवा होईतो.
बसमधलं कुणी कुरकुरलं नाही.
एका बाईने तेवढं घड्याळ पाहिलं.

मग दात गेले.
नव्या दातांबरोबर सूर परका झाला.
माझ्या मागच्या खोलीत तो लांब सूर धरायचा, एकेक,
मूल भिंत धरून चालतं तसा. दीड वर्ष.
कधीकधी मध्येच शिवी ऐकू यायची,
ती मात्र सुरात असायची.

शेवटी शेवटी विमानतळाजवळच्या हॉटेलात, गुरुवारी.
ऐकायला चार सेल्समन आणि बर्फाचं मशीन.
मशीन एकाच सुरात घुमायचं.
त्याने तोच षड्ज मानला.
खालच्या सीवरून हळूच आत शिरायचा,
जणू मशीनच आधी सुरू झालं होतं
आणि हा साथीला बसला होता.

काल त्याची मुलगी आली, व्हर्लीन.
पेटी टेबलावर ठेवली, हात पेटीवरच.
याचे किती येतील?
मी दिवे मालवले, आत दिवा सोडला.
सगळीकडून गळत होता.
रात्री उशिरा लांबून एखादं घर दिसतं,
खोल्याखोल्यांत कुणी जागं असलेलं, तसा.

मी आकडा सांगितला.
ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, दिवे लावा आता.
लावतो, म्हटलं. एक मिनिट.