इतिवृत्त

सभा शाळेत भरली, कारण सावली तिथेच आहे.
हजर: बावन्न पुरुष.
आणि भिंतीला टेकून अकरा बायका,
ज्यांची नावं रजिस्टरात नाहीत;
कोकाच्या पानांचा चहा त्यांनीच केला.

अरेकिपाहून आलेले बुस्तिन्सा इंजिनियर
फळ्यावर खडूने तोंडं काढत होते.

पहिलं, जबडा.
एक दाढ ठाम, एक हलती.
दगड वरून पडतो, चावला जातो, घसरतो,
पुन्हा चावला जातो,
मुठीएवढा झाला की खाली सुटतो.
अडाणी आहे, म्हणाले, पण गुणी.
ज्याच्याकडे पाना आणि चार शिव्या आहेत
तो कुणीही दुरुस्त करील.

दुसरा, शंकू. घंटेच्या आत घंटा, जरा तिरकी फिरणारी.
चावत नाही, रगडते.
कठीण गारगोटी हरभऱ्याएवढी, तिथून पुढे चक्कीत पीठ.
ओली माती तेवढी सोसत नाही तिला, घसा बसतो.
(किंमत त्यांनी फळ्याकडे तोंड करून सांगितली.)

तिसरे, हातोडे.
दगड धरायचाच नाही, भिरकावायचा पोलादी भिंतीवर.
चुनखडी असती तुमची तर हेच घ्या म्हटलं असतं.
गारेवर आठवड्यात झिजून
साबणाच्या वड्या होतील.

मागून फोर्तुनातो म्हातारा म्हणाला, आणि क्विंबालेते?
चाळीस वर्षं तो त्या धोंड्यावर उभा राहून डोलला आहे,
डावीकडे, उजवीकडे,
खाली पाणी, खनिज आणि पारा.
त्याचा पेला न्येवेसने धरला होता,
त्याच्या हातात तो राहत नाही.
इंजिनियरांनी फळा पुसला.

मग न्येवेसच बोलली. परवानगी न घेता, अशी नोंद करावी लागते.
शंकू आणि चक्की आली, तर ढिगाऱ्यावर काय येईल?
राख, म्हणाले. एक कणही वाया जाणार नाही.
हे ते अभिमानाने म्हणाले.

वाया.
खाणीने टाकलेला दगड उचलायचा, जिभेने ओला करायचा,
उन्हात तिरका धरायचा,
गंजाची रेघ दिसली तर ओच्यात, नाही तर मागे.
अकरा चुली त्या वायावर पेटतात.
त्यातली एक माझी.
हे लिहिताना मी आईकडे पाहिलं नाही.

मतदान हात वर करून.
जबडा एकतीस, शंकू एकवीस, हातोडे शून्य.
कारण: किंमत.
असंच लिही, अध्यक्ष म्हणाले,
आणि त्यांनी त्यांच्या बायकोकडे पाहिलं नाही.

चालाच्या दिशेने गाडी वळवताना
इंजिनियर काच खाली करून म्हणाले,
जबड्याचीही फट कमी करता येते बरं का,
एक बोल्ट आवळला की झालं,
माल बारीक पडतो.

पाना कुणाकडे राहणार
हा विषय पत्रिकेत नव्हता.