नमुना

देवळालीच्या मेसमध्ये त्या आठवड्यात
मीठसुद्धा सही करून मिळत होतं.

राष्ट्रपतींची थाळी : दोडक्याची भाजी,
मुगाचं वरण, एक फुलका.
मीठ वर्ज्य.
दिल्लीहून आलेल्या कागदावर दोनदा अधोरेखित.

हवालदार दगा खैरनार, मूळचा सटाण्याकडचा,
बावीस वर्षं तोफखान्याच्या पोरांना जेवू घातलेला.
डॉक्टरसाहेब घड्याळ बघत होते तेवढ्यात
त्याचा हात
सवयीने डब्यात जाऊन आला.
चिमूटभर. तीही अर्धी.

चव बघणाऱ्या कॅप्टनने चमचा ओठांशी नेला,
थांबला,
मग म्हणाला, "ठीक."

थाळी परत आली ती पुसून घेतल्यासारखी.
पण प्रत्येक पदार्थाची एकेक बाटली
लाखेने बंद करून, वर वेळ लिहून
फ्रिजमध्ये. बहात्तर तास.

तीन रात्री दगाचा डोळा लागला नाही.
दारणेच्या पुलावरून ट्रक गेला तरी वाटे,
विमान मागे फिरलं.

चौथ्या सकाळी हुकूम : नमुने नष्ट करा.
त्याने लाख फोडली, नळ सोडला,
भाजी मोरीत उपडी केली.
बोट मात्र आधी बुडवून घेतलं.

जरा कमीच पडलं होतं.