पन्नासच्या आत

क्लिफर्ड एअरी दर सहा महिन्यांनी येतात, गुरुवारी,
लीड्सच्या चढावरून उतरणाऱ्या त्याच बसने
जी त्यांनी एकतीस वर्षं चालवली.
बाही वर करतात. मी शीर शोधते.
कोपरावर सोरायसिसचा चट्टा, पांढुरका, खवल्यांचा.
अकरा नळ्या.

"आहे ना अजून तो?"
आहे.
सदतीस वर्षं, एकही गोळी न घेता.
रिपोर्टवर दर वेळी तेच: पन्नासच्या आत.
म्हणजे नाही, असं नव्हे.
म्हणजे आमच्या यंत्राला ऐकू येत नाही.

मी इंग्रजीत सांगत असते, पेशी, प्रथिनं, रिसेप्टर,
आणि आत मराठीत भलतंच चाललेलं असतं:
हा कूळ म्हणून शिरला
आणि सातबाऱ्यावर नाव लावून बसला.
आता काढायचा तर शेतच जाळावं लागेल.
पण तुमच्या गावाला जागल्या बरा मिळाला, क्लिफर्ड.
बाकीच्यांचा जागल्या चोराचा चेहरा लक्षात ठेवतो
आणि चोर तर रोज चेहरा बदलतो.
तुमचा चेहऱ्याकडे बघतच नाही.
तो पाठीचा एक मणका ओळखतो,
जो बदलला तर चोराला चालताच येणार नाही.
दारात तेवढा तुकडा दिसला
की दारासकट घर पाडतो.
असं रात्रीमागून रात्र.
आता उरलेत ते पडीक रानातले,
जिथून हाक मारली
तरी गावापर्यंत पोचत नाही.

जागल्या फुकट राबत नाही म्हणा.
कोपरावरचा चट्टा बहुतेक त्याचाच,
चोर नसला की घरच्याच कातडीवर काठी चालवतो.
आणि हृदयाच्या नळ्या वयाआधी जाड झाल्यात.
इतक्या वर्षांची शेकोटी,
धूर कुठेतरी बसणारच.

आज त्यांनी पार्किन आणलं होतं,
आलं आणि काकवी घातलेलं, गुळपापडीच्या शेजारपाजारचं.
"टेरीला आवडायचं."
टेरी. तोच विषाणू, तेच घर, तोच पलंग.
नव्वद सालच्या मार्चमध्ये गेला, चव्वेचाळीस किलोचा होऊन.
"त्याच्यातही असेलच की असा कुणीतरी पहारेकरी?"

होता. धाप लागेपर्यंत धावला.
चेहऱ्यांमागे.

हे बोलले नाही. म्हणाले,
दोन-चार अक्षरांचा फरक असतो, जन्मतः,
आईकडून किंवा वडिलांकडून आलेला.
तुम्ही काही केलं नाहीत.
बोलले आणि जीभ चावली.

ते बराच वेळ कापसाचा बोळा दाबून बसले,
रक्त थांबून गेलं होतं तरी.
"मी काही केलं नाही," ते म्हणाले,
हळू, जणू पत्ता पाठ करतायत.
मग कोट घातला. पार्किनचा डबा तिथेच राहिला.

नळ्या अजून कोमट होत्या.
सेंट्रिफ्यूजमध्ये अकरा बसत नाहीत, तोल जातो.
बारावी पाण्याची ठेवावी लागते, समोरासमोर,
तेवढ्याच वजनाची.
तिच्यावर नाव लिहायचं नसतं.