केसभर मागे

सखाहरी घाट उतरून आला तेव्हा
गाडीच्या आधी वास आला.
कन्नडचा घाट, मागच्या सीटवर सत्तर किलो वाळू बांधलेली,
सकाळपासून सात फेऱ्या.
हेल्मेट काढून एवढंच म्हणाला,
"धरतंय चांगलं, मॅडम. सोडंना गेलंय."
आणि बाटलीतलं उरलेलं पाणी
डिस्कवर शिंपडलं.
चर्र झालं.
पोलादावर निळं-जांभळं कडं उमटलेलं,
पारव्याच्या मानेसारखं.

मी धरण्याचाच हिशेब केला होता.
पिस्टनचा व्यास, तेलाचा दाब, पॅडचं घर्षण.
दाब आला की कॅलिपर जबडा उघडतो,
दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखा,
तो फार उघडू नये म्हणून
पाठीवर दोन बरगड्या दिल्या.
वजन चौदा ग्रॅम वाढलं.
त्या चौदा ग्रॅमवरून पुण्याच्या माणसांशी
फोनवर तीन दिवस भांडले.
सोडण्याचा हिशेब कुणी मागितलाच नव्हता.

पिस्टन एकच, एकाच बाजूला.
तो आतल्या पॅडला ढकलतो, पॅड डिस्कला टेकतं,
पुढं जायला जागा उरत नाही,
मग अख्खा कॅलिपरच दोन पिनांवर उलटा सरकतो
आणि पलीकडच्या पॅडला ओढून आणतो.
हे मला बारावीत, रेणापुरात,
एखाद्यानं सायकल उलटी करून सांगितलं असतं
तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला
मी इतकी घाबरले नसते.

आधी संशय पिनांवर घेतला.
पुण्याच्या लॅबमधली धूळ पिशवीत येते, मोजूनमापून.
मी गंगापूर रस्त्याच्या एका बांधावरून
जेवणाच्या डब्यात भरून आणली,
वैशाखात पीठ, पाणी लागलं की डिंक.
पिनांच्या रबरी टोप्यांवर चोपडली, वाळवली, पुन्हा चोपडली.
पिना सरकत राहिल्या.
डबा मात्र घरी कुणी घेईना.

मग अन्सारभाईनं तुकडा हातात घेतला.
एकोणीस वर्षं बोअर मारणारा माणूस,
चष्मा कपाळावर, भिंग नको म्हणाला.
करंगळीचं नख खाचेतून फिरवलं.
"हितं धार लई उभी ठिवली तुमी.
रबरानं लवावं कुठं?"

स्प्रिंग नसते यात.
गाडी चालवणाऱ्यांना हे माहीत नसतं, असण्याचं कारणही नाही.
लिव्हर सुटला की पिस्टनला मागं आणतं
ते एक रबरी कडं, चौकोनी काठाचं,
तान्ह्या बाळाच्या वाळ्याएवढं.
पिस्टन पुढं जाताना ते त्याला बिलगून असतं,
त्याच्यासोबत कलतं, पीळ खातं,
पण खाचेतलं बूड सोडत नाही.
दाब ओसरला की सरळ होता होता
त्यालाही घेऊन येतं मागे.
केसभर. फार तर तीन केस.
तेवढ्यात चाक मोकळं.

आणि कलायला जागा हवी ती मी
ड्रॉइंगवर शून्य पूर्णांक दोन लिहून
संपवली होती.

जास्त दिली तर लिव्हर पोकळ लागतो,
बोटं दांड्यापर्यंत जातात, माणसाचा जीव जातो घशात.
कमी दिली तर धरून बसतं,
पॅड झिजतात, पेट्रोल जळतं, डिस्क पारवा होते.
तीन ड्रॉइंगं, अकरा तुकडे, एक रात्रपाळी.
सगळा वाद नखात मावणारा.

आता गाडी स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी.
सखाहरी लिव्हर दाबतो, सोडतो.
मी चाकाला हातानं एकच झटका देते.
जुन्याला दीड फेरा झाला होता.
अन्सारभाई मोजतो पाँच, छे,
सखाहरी मोजतो पाच, सहा,
सातला दोघांची गाठ पडते,
आठला मी श्वास धरलेला,
व्हॉल्व्ह वर येतो, थांबेलसा वाटतो,
कलंडतो.

चहावाला पोरगा किटली घेऊन
दारातच उभा.
"ब्रेक बिघडला का?"
"न्हाई रे," सखाहरी म्हणतो,
चाकावरची नजर न काढता,
"गप. मोजू दे."