कुठेतरी

दिवाडीच्या पोस्टात माझ्या काउंटरवर
त्याने पहिल्यांदा ठेवला तो बिस्किटांचा डबा,
काथ्याच्या दोरीने बांधलेला.
आत काय? नियम आहे, विचारावं लागतं.
‘शब्द,’ म्हणाला. मग सावरून, ‘एकच शब्द. चौदाशे चिठ्ठ्या.’
रजिस्टर्ड, गटिंगेन, जर्मनी.
मी काट्यावर ठेवला. एका शब्दाचं वजन
एक किलो दोनशे दहा ग्रॅम.

हार्टविग लोमायर. इनासिनबायच्या माडीवर भाड्याने.
फेरीवरची माणसं त्याला दोतोर म्हणत
आणि आपले गुडघे दाखवत.
तोही वाकून बघायचा, काय करणार.

तिकिटं चिकटवता चिकटवता कळत गेलं एकेक.
तेरा वर्षांचा होता, माग्देबुर्गला, तळघरात,
वर गल्ली जळत होती आणि खाली हा
ग्रीकची अनियमित क्रियापदं घोकत होता.
सकाळी क्रियापदं तेवढी शिल्लक राहिली.
पुढे प्रबंध. पुढे प्राध्यापकाची खुर्ची,
ती दुसऱ्याला मिळाली, हे तो
वारा कुठून वाहतोय ते सांगावं तसं सांगे.
मग कोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं,
उत्तरेकडची खिडकी, लाकडी खण, चिठ्ठ्या.
बायको ‘ल’ या अक्षरापर्यंत थांबली.
आणि गोव्यात का? तर म्हणे,
इथे कागदाला वाळवी लागते,
माणूस काम आटोपतं घेतो.

शब्द कुठला ते मी बऱ्याच दिवसांनी विचारलं.
‘पू,’ म्हणाला.
मला हसू आवरेना. आमच्यात पू गळवात होतो, दोतोर.
त्याने तेही लिहून घेतलं.
त्यांच्यात पू म्हणजे कुठेशी. आणि पू म्हणजेच
बहुधा, असेल बुवा, मला आपलं वाटतं.
योद्धे म्हणतात, दाया म्हणतात,
खोटं बोलणारे तर ऊठसूट म्हणतात.
जागा आणि शंका एकाच शब्दात
बिऱ्हाड करून का राहतात,
एवढंच त्याला हवं होतं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं.

त्या दुपारी मनीऑर्डरी नव्हत्या. उल्हासचं पत्र
चार महिने नव्हतं कतारहून.
मी सहज म्हटलं, कुठेतरी मला वाटतं,
तो आता यायचा नाही.

‘पुन्हा म्हणा.’
म्हटलं.
‘कुठे वाटतं? जागा दाखवा.’
जागा कसली हो, बोलायची पद्धत.
छातीवर हात ठेवणार होते, ठेवला नाही.
त्याने मनीऑर्डरच्या कोऱ्या फॉर्मवर, मागल्या बाजूला,
देवनागरीत लिहिलं: कुठेतरी. त चा पाय लांब काढून.
खाली माझं वाक्य. खाली तारीख.
उल्हासचं नाव नव्हतं घातलं, तेवढी त्याला समज होती.
सरकारी फॉर्म वाया घालवल्याबद्दल
मी काही बोलले नाही.

तो गेला ऑक्टोबरात, खाजनात भात पिवळं पडताना.
दुसऱ्या पंथाचा, पुरायचा कुठे, यावर पाद्रीने
दोन दिवस घेतले. इनासिनबाय म्हणाली,
माडीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलंय त्याचं,
तोवर तो दिवाडीचाच.
पाद्रीला हे पटलं.

मार्चमध्ये पाकीट आलं, जाडजूड, त्याच्या नावे.
अशा वेळी करायचं ते छापील आहे:
मयत. पाठवणाऱ्यास परत.
तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच
मी दुसऱ्याचं टपाल फोडलं.
कोशाचा भाग होता, ती अक्षरं मला येत नाहीत,
पण डब्याच्या झाकणावर इतकी वर्षं तीच बघितलेली,
तो शब्द सापडला. दीड रकाना.
शेवटी नाव नाही, दोन आद्याक्षरं.
देवनागरी शोधली. नव्हती.
कशी असेल.

मग पाकीट तिथेच उघडं ठेवून
मी त्या रकान्याशेजारी
दिवाडी पोस्टाचा तारखेचा शिक्का मारला.
जरा फिकट उठला.
गादीत शाई घालायची राहिली होती.