नात्याचा रकाना

तुम्मास आत आला तसा दुकानात
ओल्या लोकरीचा आणि डिझेलचा वास भरला.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर डिसेंबरात
दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात,
तरी त्यानं दोन्ही यंत्रं खिडकीशी नेऊन पाहिली,
मासळी ताजी आहे का पाहतात तशी.

एक पिवळंधमक, कंदिलाएवढं. बोटीसाठी.
कंसात बसवायचं आणि विसरून जायचं.
बोट बुडाली की पाण्याच्या दाबानं
ते आपलं आपणच सुटतं, वर येतं,
आणि दोन दिवस, दोन रात्री
आभाळाला सांगत राहतं
की अमुक नावाची बोट इथं होती.

दुसरं तळहातात मावणारं. माणसासाठी.
त्याची अँटेना आपण उलगडायची,
बटण आपण दाबायचं, बधिर बोटांनी,
आणि आभाळ दिसेल असं वर धरायचं.
चोवीस तास.

"निम्मेच?" तो म्हणाला.
मी म्हटलं, इथल्या पाण्यात
माणूस तरी चोवीस तास कुठं टिकतो?
दुकानदारिणीनं असं बोलू नये. बोलले.

पैसे एकापुरतेच होते,
घडी घालून, रबर लावून आणलेले.
"मोठंच दे. बोटीला नाव आहे, नंबर आहे, विमा आहे."
हात मात्र धाकट्यावर होता.

चार वर्षांपूर्वी त्याच्या भावाची बोट
एकटीच कुनोयच्या खडकाला येऊन टेकली होती.
इंजिन चालू.
थर्मासमधली कॉफी अजून कोमट.
आणि कंसात ते यंत्र, ठणठणीत कोरडं,
तोंडातून चकार शब्द नाही.
त्याची काय चूक?
बोट बुडालीच नव्हती.

हे मी काढलं नाही. फक्त विचारलं,
"तू अजून एकटाच जातोस ना?"
"कुत्रा असतो."
"कुत्र्याला बटण दाबता येतं?"
तो हसला नाही.
पण मोठं यंत्र त्यानं फळीवर परत ठेवलं,
निजलेलं मूल ठेवावं तसं, आवाज न करता.
"पाण्यात पडलास तर बोट मागं येईलच असं नाही," मी म्हटलं,
"खिसा येतो."

मग फॉर्म.
नाव, गाव, जाकिटाचा रंग
हे त्यानं ठसठशीत अक्षरांत भरलं.
तातडीच्या वेळी कुणाला कळवावं:
इथं पेन थांबलं.
बाहेर एक ट्रॉलर मागं सरकत धक्क्याला लागला,
त्याचे दोर बांधून झाले,
तरी पेन तिथंच.

"मोठ्याच्या फॉर्मलाही हे असतं?"
"असतं."
"हं."
मुलगी डेन्मार्कात. नंबर जुना असेल, म्हणाला.
मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत
त्यानं माझ्या दुकानाचा नंबर उतरवला.
"दुकान सहाला बंद होतं, तुम्मास."
त्यानं खोडलं.
मी पेन घेतलं आणि घरचा नंबर लिहिला.
त्याच्यापुढचा, नात्याचा रकाना
दोघांनीही पाहिला नाही असं केलं.

त्याला आता दीड वर्ष होईल.
महिन्याच्या एक तारखेला तो येतो,
चाचणीचं बटण दाबतो, दिवा लुकलुकतो,
"बोलतंय," म्हणतो आणि जातो.
कधी दोन बांगडे ठेवून, कधी नुसताच.
बॅटरीची मुदत मात्र मी माझ्या वहीत लिहून ठेवलीय.
आणि वारा पश्चिमेचा झाला की
फोन उशाशी घेऊन झोपते.
हे त्याला सांगायचं काही कारण नाही.

काल सकाळी तोर्सहाव्नहून फोन आला.
पोटात धस्स झालं.
पण बाई निवांत होती, नोंदी तपासत होती.
"एक रकाना रिकामा राहिलाय," म्हणाली,
"तुम्ही त्यांच्या कोण?"
"मी यंत्र विकलं त्यांना."
"हो, पण नातं?"

खिडकीतून त्याची तेर्ना दिसत होती,
दोरावर हलकेच डुलणारी,
आणि गलबताच्या टोकावर बसलेला कुत्रा.
मी म्हटलं, लिहा,
जिला फोन करायचा, ती.