रिकाम्या शेडची टेप

बर्न्लीतल्या बंद गिरणीत
तिसऱ्यांदा आलेय, नुसती शांतता भरून न्यायला.
लोखंडी खांबाला कॉन्टॅक्ट माइक,
त्यावर निळी चिकटपट्टी,
श्वास शक्यतो नाकानं, हळू.

पहिल्या वर्षी ग्रॅहमनं विचारलं होतं,
‘यात तुझं काम कुठाय?’
म्हटलं, ऐकत होते ना.
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.
गुण बरे पडले. का, ते अजून कळलेलं नाही.

खांबात काय आहे?
कालव्याच्या पुलावरून जाणारी लॉरी, पोटात गुरगुरल्यासारखी.
एक कबूतर.
छपरातून ठिबकणारं पाणी,
जे लोखंडातून ऐकलं की पाणी राहतच नाही,
कुणीतरी नखानं परात वाजवत बसलंय
भाकरी थापायची सोडून.

मग ऑलिव्ह प्रेस्टविच आल्या, थर्मास घेऊन.
वय अठ्ठ्याऐंशी, त्यातली एकोणीस वर्षं या शेडमध्ये.
माइक पुढे धरला तर बोलल्या खूप,
पण आवाजच काढला नाही.
ओठ मोठे मोठे करून, जबडा ताणून,
चारशे मागांच्या गोंगाटात
समोरच्या मैत्रिणीशी बोलायच्या तसं.
लेव्हलचा काटा जागचा हलला नाही.
‘कळलं?’ हे मात्र आवाजात.

काही शब्द कळले.
आमच्या आप्पांची रीत वेगळी.
इचलकरंजीत घरी आले तरी माग चालूच असल्यासारखे ओरडायचे,
मीठ मागायचे ते दोन बोटं चोळून,
आणि आई म्हणायची,
‘मी काय धोट्याच्या पलीकडं उभी आहे?’

ऑलिव्हबाई काय म्हणाल्या ते सांगणार नाही.
टेपमध्ये आहे,
सहा मिनिटं बारा सेकंदांपासून पुढे.
(फाइल असते हो. मी टेपच म्हणते.)
प्रदर्शनात तिथं लोक हेडफोन हलवून बघतात,
वायर निघाली का म्हणून.

आप्पांनाही पाठवली.
डावा कान गेलाय, उजवा त्याच वाटेवर.
त्यांनी फोन कानाला लावलाच नाही म्हणे,
कानामागच्या हाडावर दाबून धरला,
डोळे मिटून, अकराच्या अकरा मिनिटं.
चहाला साय आली.

मग स्वतः फोन केला,
घसा फोडून विचारलं,
‘माग बंद का ठेवलायस गं?
सूत तुटलं काय?’